"कितलीं वरां खेळटा?"

मोबाइलवर गेम किती तास खेळतो? इथे गोव्यात माझा मुलगा अकरावीत असताना हा प्रश्न मी वर्गशिक्षिकांकडून ऐकला, शेजारच्या वहिनींकडून ऐकला, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ऐकला. इस्पितळातल्या फॉर्मवर तर त्याचा रकानाच होता. मी लिहिलं, सात. सुट्टीच्या दिवशी अकरा. टेबलापलीकडच्या बाईंनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "मोबायल काडून घेयात."

तो मी जुलैतच काढून घेतला होता. दोन दिवस पोर जेवलं नाही, तिसऱ्या रात्री माझ्या उशीखालून फोन नेताना मी त्याला पकडलं, आणि त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

अडलं ते त्याच फॉर्मवर. 'व्यसनाचा प्रकार' या ओळीत दारू, तंबाखू, गांजा आणि इतर असे चार पर्याय. मी 'इतर'वर खूण केली. म्हणून आम्हांला व्यसनमुक्तीच्या खोलीबाहेर बसवलं. बाकावर हात थरथरणारे, दोघा भावांनी धरून आणलेले पुरुष. एकजण सारखा उठून जात होता आणि त्याची बायको त्याला परत आणत होती. त्यांचं दुखणं मोठंच आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला तिथे दीड तास बसवलं. तो एकदाच बोलला, "आई, हांव बेबदो न्हय." मी दारुडा नाही. आणि उठून चालू लागला. फोंड्यापर्यंतच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला.

पुढचे दहा आठवडे तो 'डॉक्टर' हा शब्द ऐकायला तयार नव्हता. मी एकटी गेले तर सांगितलं, पेशंट आणा. त्याच्या मामाने समजूत काढली, तेव्हा मानसशास्त्रज्ञांची तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची. त्या दिवशी त्या रजेवर, म्हणून आणखी दोन आठवडे. एका खुणेपायी चार महिन्यांहून जास्त गेले. मला अजून राग येतो. नंतर कळलं ते तर आणखी चीड आणणारं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू झालं. त्यातल्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही तो सुटत नसणं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असलं पाहिजे. तासांचा आकडा त्यात कुठेच नाही.

अखेर त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला विचारलं, "तुला तिथे काय मिळतं?" माझा मुलगा चाळीस मिनिटं बोलला. त्याच्या चौघांच्या स्क्वॉडचा तो म्होरक्या. कुठे उतरायचं, कधी पळायचं, हे तो ठरवतो आणि बाकीचे ऐकतात. रात्री दहाला तो आला नाही तर तिघं थांबून राहतात. मग खाली बघत म्हणाला, "वर्गात मी नसलो तर कुणाला कळतसुद्धा नाही."

दहावीला ८९ टक्के मिळवणारा मुलगा अकरावी सायन्सच्या पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये नापास झाला होता. त्याने आम्हांला सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी आम्ही सत्तरी तालुक्यातलं गावचं घर सोडून फ्लॅटवर आलो, आणि त्याआधी पावसाळ्यात त्याचे आजोबा गेले. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आजोबांबरोबर रानात जाऊन माटोळीचं, गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचं, सामान आणणारा तो. सुपारीचे घोस, चिबूड, रानातली फळं, सगळं त्याला ठाऊक. हे सगळं एका वर्षात सुटलं आणि मी तास मोजत बसले.

बाईंनी आम्हां दोघांना समजावलं. डेसी आणि रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मनाच्या तीन भुका सांगितल्या आहेत: आपल्या मर्जीने काही करणं, काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि आपलं कुणीतरी असणं. बाहेर या भुका उपाशी राहिल्या की खेळ त्या लगेच भागवतो, म्हणून तो धरून ठेवतो. दुसरी गोष्ट बक्षिसांची. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत, दाणा कितव्या टोचीला पडेल हे ठरलेलं नसलं की कबुतर टोचत राहायचं, आणि दाणा बंद झाला तरी बराच वेळ थांबायचं नाही. खेळातल्या पेटीतून कधी चांगलं निघतं, कधी काहीच नाही. तेच गणित. उदासी मात्र त्याच्यात आधी आली होती, खेळ मागून आला, असं त्यांचं मत पडलं. म्हणून बैठका झाल्या त्या झोप, फिजिक्स आणि आजोबा यांच्यावर.

आता आठवतं तसं सांगते. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, टेलिमानसचा, १४४१६ हा नंबर फुकट आहे, तारखेची वाट बघताना मला तो कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. फॉर्मवर 'इतर' लिहिण्याआधी थेट विचारा, मुलांच्या मानसशास्त्रज्ञांकडे कसं जायचं. आणि हे फार महत्त्वाचं: डाव मध्येच थांबवता येत नाही, अर्ध्यात उठलं तर तिघांना टाकून आल्यासारखं होतं. जेवायला डाव सुरू व्हायच्या आधी हाक मारा. आमच्या घरातली निम्मी भांडणं यानेच संपली. जुने कागद एका फाईलमध्ये ठेवा, दर वेळी मागतात.

आठ बैठका झाल्या. फिजिक्समध्ये तो पास झाला, काठावर. अजून खेळतो, रात्री जेवणानंतर दोन डाव. किती तास, ते मी मोजत नाही. स्क्वॉडमधला एकजण सावंतवाडीचा निघाला. त्याच्या आईशी माझं फोनवर बोलणं झालंय. तो मित्र या चवथीला आमच्या गावच्या घरी दोन दिवस येणार आहे, मामाबरोबर हे दोघं माटोळीसाठी रानात जायचं म्हणतायत. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जास्त कराव्या लागतील.