नीरेनंतरचा फोड

दिवेघाट चढताना पायांनी तक्रार केली नाही. जेजुरीत भंडाऱ्यात न्हालो, वाल्ह्याला गाढ झोप लागली. घात झाला तो त्यानंतर, सपाट रस्त्यावर.

माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान झालं. मीही गुडघाभर पाण्यात उतरले. वर येईतो विणेकरी पुढं गेलेले, म्हणून ओल्या पायांवरच मोजे चढवले. भिजलेली कातडी मऊ पडते, मोज्याला धरते. आतलं मांस मात्र पावलागणिक सरकत राहतं, आणि मधल्या जागेत पाणी साठतं. पाच मिनिटं बसून बोटांच्या बेचक्या पुसल्या असत्या, कोरडे मोजे घातले असते, टाच चुरचुरायला लागली तेव्हाच कागदी चिकटपट्टी लावली असती, तर निभावलं असतं. या असत्या-नसत्याची मला सवय आहे. तीन वर्षं तेच चाललंय.

मागचा माणूस मोबाइलवर सगळ्यांचं चित्रण करत होता आणि दर दहा मिनिटांनी विचारत होता, ‘पहिलीच वारी का, माउली?’ चौथ्या वेळेला मी उत्तर दिलं नाही. ज्याच्या तोंडी माउली त्याचाच राग येतो, हेही वारीतच कळतं.

शेवटी लंगडत रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. शेजारी बार्शीकडची एक आजी तुळस मांडीशी घेऊन पान जुळवत होती. मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, टम्म.

“सुई हाय?” म्हणाली.

होती. लहान, न दुखणाऱ्या फोडाला हात लावायचा नसतो, आपोआप जिरतो. पण यावर बूट चढेना. साखर असलेल्यांनी तर घरगुती सुई लावूच नये, सरळ दिंडीमागच्या दवाखान्यात जावं. मला साखर नाही. साबणानं हात आणि टाच धुतली, सुई स्पिरिटनं पुसली. आजीला सुईत दोरा ओवायचा होता. बरेच वारकरी फोडातून दोरा आरपार नेऊन तसाच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. मी नको म्हटलं. “शिकलेली दिसतीस,” म्हणाली आणि माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. परक्या बाईच्या मांडीवर पाय, तोही माझा, चिखलाचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं फोडाच्या खालच्या कडेला दोन टोचे दिले, कापसानं हलकं दाबलं. वरची कातडी सोलायची नाही. तीच आतल्या कोवळ्या जागेचं पांघरूण. तोंडानं सुनेची गाऱ्हाणी आणि सोयाबीनचा भाव चालूच. मला काय झालं कुणास ठाऊक, मधेच बोलून गेले की बाबांना व्हेंटिलेटर नको, या कागदावर सही मी केली. भाऊ बाहेर उभा होता, त्यानं पेन हातात घेतलं नाही.

“पाय हलवू नगं,” आजी म्हणाली.

मलम लावलं, जाळीची पट्टी बांधली. वर तिनं आपल्या जुन्या लुगड्याची चौघडी ठेवली, टाच बुटाला लागू नये म्हणून. पानाचा विडा मला दिला. तुळस डोक्यावर घेऊन चालायला लागली. दिंडीचा नंबर विचारायचं राहूनच गेलं.

लोणंदला समाजआरतीला उभी राहिले. चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प झाला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्यांची तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत, हे ऐकून माहीत होतं. चोपदार तिथवर गेले, ऐकून घेतलं. पाण्याचा टँकर दोन दिवस वेळेवर येत नव्हता. टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली, उद्याची निघायची वेळ सांगितली, आरती झाली. मी रडत होते, पण तिथं कुणी वळून बघत नाही.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण गर्दीमुळं दिसलंच नाही. तरडगावात पट्टी बदलली: लाली नाही, पू नाही, कातडी जागेवर. टँकर त्या दिवशीही उशिराच आला, असं राहुटीत कुणीतरी सांगत होतं. त्या दिंडीचे टाळ संध्याकाळी इतरांबरोबरच थांबले.