तुम्ही विचारलंत म्हणून: रोज मरण बघून काही वाटत नाही का?

ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा पेशंटची मी नर्स. मागच्या आठवड्यात एका बारशाला गेले होते. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि नणंदेच्या जाऊबाईंनी वाटी हातात तशीच धरून विचारलं, "रोज मरण बघून तुम्हाला काही वाटत नाही का हो?" बारशात! पाळणा अजून हलत होता.

या प्रश्नाचं कोणतंही उत्तर दिलं तरी मीच सापडते. "वाटतं" म्हटलं तर, "मग सोडून द्या की, चांगल्या दवाखान्यात लागा." "सवय झाली" म्हटलं तर समोरची जरा मागे सरकते, दगडाला हात लागल्यासारखी. एके काळी माझ्याकडे तयार वाक्य होतं: "आम्ही मरण नाही, शेवटपर्यंतचं जगणं सांभाळतो." बायकांना फार आवडायचं. एकीने ते स्टेटसलाही ठेवलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात. वाक्य खोटं नाही, पण ते बोलताना माझ्या डोळ्यांसमोर कुठलाच पेशंट नसायचा.

पुरुष वेगळं विचारतात, जरा बाजूला घेऊन. "एवढे हाल बघवत नाहीत सिस्टर, एखादं इंजेक्शन देऊन सोडवत का नाही?" त्यांना मी अरुणा शानबागची आठवण करून देते. तीही नर्सच, १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन कायमची अंथरुणाला खिळलेली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी तेव्हापासून २०१५ मध्ये ती जाईपर्यंत तिचं सगळं केलं. तिच्यासाठीची दयामरणाची याचिका सुप्रीम कोर्टाने २०११ साली फेटाळली. २०१८ मध्ये कोर्टाने मान्य केलं की मरण लांबवणारे उपचार नकोत, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. पण उपचार थांबवणं वेगळं आणि मारायला सुई टोचणं वेगळं. दुसरं आजही गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी केलं नसतं. असं मी ठणकावून सांगते. नसतं केलं, बहुतेक.

मग दिवसभर करता काय? तर निम्मा दिवस पोट साफ होण्याच्या मागे जातो. दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनने पोट धरतं, म्हणून गोळीबरोबर जुलाबाचं औषध लागतंच. मग तोंड पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, बेडसोर बघणं. गालाच्या कॅन्सरची जखम उघडी पडली की वास सुटतो, कधी किडे होतात. टर्पेंटाइनचा बोळा धरून ते चिमट्याने एकेक काढायचे, मग वास मारायला मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची गोळी कुटून पूड जखमेवर भुरभुरायची. तंबाखू-चुन्यावर उभं आयुष्य काढलेल्या एका मामांचं हे तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोने दारापाशी ठेवलेलं स्टूल उचलून कॉटजवळ आणलं. त्यावर बसून ती शेंगा सोलत राहिली, बोलली काहीच नाही. हे सांगायला लागले की बारशातल्या बायका म्हणतात, "जाऊ दे गं, जेवायचंय अजून."

तर काही वाटतं का? मरणाचं म्हणाल तर खरंच कमी वाटतं. ऊर्ध्व लागतो, घरघर सुरू होते, पाय गार पडतात. नातेवाईक घाबरतात, आम्ही मान एका कुशीला करतो, ओठ ओले करतो, त्यांना सांगतो की ही घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते. माणूस जातो. आम्ही अंग पुसतो, चादर बदलतो, त्या रात्रीसुद्धा मला झोप लागते. झोप उडवणारं दुसरंच आहे, आणि ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. बायकांच्या वॉर्डात एक काकू होत्या, गावाकडे बालवाडी चालवायच्या. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. श्रावण म्हणून बहिणीने त्यांना हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, पण हात इतके वाळलेले की उचलले की बांगड्या कोपराकडे घसरायच्या. गोळी गिळणं बंद झालं होतं, त्यामुळे दंडाला बटरफ्लाय सुई लावून ठेवली होती. ऑर्डर स्पष्ट होती: ठरलेल्या वेळचं मॉर्फिन चालू, आणि मधे दुखलं तर जादा डोस, विचारायची गरज नाही.

रात्री साडेअकराला मुलाचा फोन आला. बेंगळुरूहून निघालेला, हुबळी सोडली होती. "सिस्टर, सहा-साडेसहापर्यंत पोचतो. तेवढं जादाचं इंजेक्शन देऊ नका. दिलं की आई झोपूनच असते. मला एकदा बोलायचंय तिच्याशी." मी म्हटलं, बघते. "नाही" म्हटलं नाही, ही पहिली चूक.

दोन वाजून दहा मिनिटांनी काकू जाग्या झाल्या. ओरडल्या नाहीत. डाव्या हाताने कॉटचा लोखंडी दांडा धरला आणि बांगड्या दांड्यावर वाजायला लागल्या. त्या म्हणाल्या, "बाई, द्या आता." बालवाडीतल्या बाई मलाच बाई म्हणत होत्या.

मी काय केलं? श्वास मोजले. मिनिटाला सोळा, म्हणजे काळजीचं कारण नाही. मग परत मोजले. बीपी घेतलं, ज्याची काही गरज नव्हती. कपाटाची दोन कुलपं काढली, मॉर्फिनच्या अँप्यूल मोजल्या, रजिस्टरशी ताळा केला, आणि कुलपं पुन्हा लावली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या वेळी उचलला. "ऑर्डर लिहिलेली आहे ना? मग मला का उठवतेस?" तरी मी पाच मिनिटं टेबलापाशी उभी होते. शेवटी वॉर्डातल्या मावशी आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, बांगड्यांचा आवाज पार पुरुषांच्या वॉर्डापर्यंत येतोय."

दोन पन्नासला मी डोस दिला. हळूहळू हात दांड्यावरून सुटला.

मी नवखी नव्हते. आयसीयूत सहा वर्षं काढून आले होते, ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीवर दाब देताना बरगड्या मोडल्याचा आवाज ऐकून आले होते. ट्रेनिंगमध्ये सिसिली सॉन्डर्सबद्दल शिकवलं होतं, १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांसाठीचं रुग्णालय, काढणाऱ्या. त्यासुद्धा आधी नर्सच, पाठीच्या दुखण्यापायी नर्सिंग सुटलं, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांचं सांगणं असं की वेदना येण्याची वाट बघू नका, घड्याळ बघून औषध द्या. मी घड्याळच बघत होते, चाळीस मिनिटं.

कारण आहे, पण कारण म्हणजे सबब नव्हे, एवढं कळतं मला. दीड महिना आधी एका आजोबांना ठरलेला डोस दिला आणि अर्ध्या तासाने ते गेले. जावई कॉरिडॉरमध्ये उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुई टोचली आणि गेले. बघितलंत ना?" डॉक्टरांनी त्याला समजावलं की दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फिन जीव घेत नाही, जीव आजार घेतो. त्याला पटलं असावं. मला ते आधीपासून पटलेलं होतं, तरी त्या रात्री कुलूप परत लावलं ते मीच.

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, मुलाचं शेवटचं बोलणं होतं, त्याला काही किंमत नाही का? मी म्हणते, दुखत आईला होतं, आणि मागत ती होती. ती म्हणते, पोरगा येतोय हे कळलं असतं तर आईने त्याच्यासाठी कळ सोसली नसती का? सोसली असती, अशाच असतात त्या. पण ते विचारायला हवं होतं ना, काकूंनाच! ते मला सुचलंच नाही.

मुलगा साडेसहाला पोचला. काकूंनी एकदा डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पंखा कमी कर." त्याने उठून कमी केला. त्यानंतर दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, आणि मग गेल्या. त्याला जे बोलायचं होतं ते त्याने झोपलेल्या आईला सांगितलं का, ठाऊक नाही. मला त्याने काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये २.५० आहे. तिथे दिल्याची वेळ लिहितात, मागितल्याची वेळ लिहायला रकानाच नसतो.

आता मी कधीकधी मागितल्याची वेळ पेन्सिलीने समासात लिहिते. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "हे काय नवीन काढलंस?" मी खोडलं. दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिलं. गर्दीच्या रात्री विसरतेही.

मागच्या महिन्यात पुन्हा तसाच फोन आला, नागपूरहून निघालेल्या एका मुलीचा. मी तिला म्हटलं, वडिलांना दुखलं तर मी थांबणार नाही. दुखलं, मी दिलं. पहाटे ती बॅग खांद्यावर तशीच घेऊन आत आली तेव्हा त्यांना ऊर्ध्व लागला होता. मी तिला चहा आणून दिला. तिने तो घेतला नाही.