ड्युटीवर वारलेल्या पोलिसाच्या पोरांची फी कोण भरणार?

पोलीस ड्युटीवर वारला की गावात बॅनर लागतात, सलामी होते, पुढारी येऊन जातात. पण घरच्यांची खरी परीक्षा जूनमध्ये अ‍ॅडमिशन सुरू झाल्यावर. आमच्या गुहागर साइडला वाडीवाडीत कोण ना कोण पोलिसात, एसआरपीत नाहीतर नेव्हीत आहे, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी पेपरातला नाही, घरातला आहे.

आमच्या शेजारच्या वैनींचे मिस्टर हायवेला रात्रीच्या नाकाबंदीत होते, गणपतीचा बंदोबस्त, मागून ट्रेलर आला आणि गेले. मुलगी तेव्हा बारावीला. पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते असं कोणीतरी सांगितलं म्हणून वैनी एका ऑफिसात गेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत पंचनाम्याची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, मिस्टरांचं ओळखपत्र, सगळं नीट लावून नेलेलं. परत आल्या आणि पायरीवर बसून म्हणाल्या, "सायबांनी सांगितलान, हल्ल्यात गेले असते तर मिळाली असती."

साहेब बोलले ते नियमाला धरूनच होतं, आणि मला राग त्या नियमाचाच येतो. ही स्कीम राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालते. 2019 मध्ये रक्कम वाढली, मुलांना महिना 2500 आणि मुलींना 3000 झाले, आणि तेव्हाच राज्य पोलिसांच्या मुलांनाही त्यात घेतलं, ही खरंच चांगली गोष्ट झाली. पण राज्य पोलिसांसाठी अख्ख्या देशात वर्षाला 500 जागा, आणि त्याही दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात शहीद झालेल्यांच्याच मुलांना. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांना तरी सेवेमुळे मृत्यू आला असला तर चालतं, मग आमच्या हवालदाराने काय वाईट केलंय? कोकणात ना नक्षली ना अतिरेकी, इथला पोलीस मरतो तो हायवेवर, पुरात, दरडीखाली. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा मदतीला वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी हार्ट अटॅकने गेले, तो माणूस काय स्वतःच्या कामाला चालला होता का?

बरं, नियमात बसलं तरी पुढे अजून आहेच. बारावीला 60 टक्के पाहिजेत, म्हणजे ज्या पोरीचा बाप सप्टेंबरात गेला तिने फेब्रुवारीत शांत डोक्याने पेपर लिहायचे! आणि कोर्स प्रोफेशनल पाहिजे, इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, बीएड असलं काहीतरी, साधं बीए बीकॉम चालत नाही. तालुक्याच्या कॉलेजात बहुतेक तेच असतं. इंजिनीअरिंगला लवेल नाहीतर आंबवला जायचं म्हणजे हॉस्टेल आलं, मेस आली, 3000 त्यातच संपतात आणि फी तशीच राहते.

सैन्याच्या बाबतीत सरकारने हे केलेलं आहे म्हणून तर बोलतेय. 1971 च्या युद्धानंतर शहीद आणि कायमचे जायबंदी झालेल्या जवानांच्या मुलांची ट्यूशन फी, हॉस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म सगळं द्यायचं ठरलं. 2017 मध्ये त्याला महिना 10,000 ची मर्यादा घातली, लोक भडकले, आणि मार्च 2018 मध्ये मर्यादा काढावी लागली. म्हणजे लोकांनी लावून धरलं की होतं. पोलिसांच्या मुलांना पण फी जेवढी असेल तेवढी द्या, आणि मृत्यू कशाने झाला हे न बघता ड्युटीवर झाला का एवढंच बघा, माझं मागणं इतकंच आहे. 21 ऑक्टोबरला आपण पोलीस स्मृतिदिन पाळतो, त्या दिवशी आपल्या आमदाराला हे एक निवेदन तरी द्यायला काय हरकत आहे?

तोवर, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर आधी त्या जिल्ह्याच्या पोलीस ऑफिसात कल्याण शाखेत जाऊन पोलीस कल्याण निधीतून मुलांच्या शिक्षणाला काय मिळतं ते विचारा, अनुकंपाचा, म्हणजे वारसाला नोकरीसाठीचा, अर्ज मुदतीत गेलाय का बघा, मूल अठराच्या आतलं असेल तर त्याच्या अठराव्या वर्षानंतरची अर्जाची मुदत आत्ताच लिहून ठेवा, आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखंच आहे का ते पण तपासा. वैनींचं काम आधार आणि सर्व्हिस बुकातल्या नावातल्या एका काना-मात्रेपायी अडकून पडलं होतं, त्यात पावसाळा गेला. मुलगी आता तालुक्याला बीकॉम करतेय, फी वैनी भरतायत.