बोअर केलेलं इंजिन आणि पहिले पन्नास किलोमीटर

मारुती ८०० चं फुल इंजिनकाम. ब्लॉक बोअर करून (म्हणजे सिलिंडरची भोकं थोडी मोठी करून) ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंग्ज. अशी गाडी हाती आली की सल्ला ठरलेला असतो: हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका. मी तो मुद्दाम पाळला नाही.

होनिंगने, म्हणजे घासणीच्या दगडांनी भिंत खरवडल्याने, बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा पडतात. त्यांच्यामधल्या बारीक उंचवट्यांवर घासून पिस्टनची रिंग भिंतीला चपखल बसते. पण रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला भिंतीवर खरी दाबते ती तिच्या मागे शिरणारी ज्वलनाची गॅस. इंजिनावर लोडच (जोरच) दिला नाही तर ऑइल भिंतीवर भाजून काचेसारखा थर धरतं आणि रेघा बुजतात. मग गाडी कायमची ऑइल खाते आणि पुन्हा इंजिन उघडून होनिंग करावं लागतं.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक सांभाळावं लागतं. होनिंगनंतर बोअर गरम साबणाच्या पाण्याने, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुतला आणि वाळताक्षणी ऑइल चोळलं. खाऱ्या दमट हवेत उघडा बोअर एका रात्रीत तांबूस होतो.

प्लग काढून, थोडा थोडा वेळ स्टार्टर मारत ऑइलचा दाब तयार केला आणि डॅशवरचा ऑइलचा दिवा विझवला. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधीच लावून ठेवलं, म्हणजे सुरू करताना बराच वेळ स्टार्टरची घरघर नको. सुरू झाल्यावर आयडलवर सोडलं नाही. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत दीड-दोन हजार आरपीएममध्ये खेळवलं, गळती पाहिली, थंड झाल्यावर रेडिएटरमधलं कमी झालेलं पाणी भरलं आणि थेट रस्त्यावर.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे हा रस्ता यासाठी उत्तम. चढ आहेत, पण लांबलचक घाट नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३५ ते ६० पाऊण पेडल, मग पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायची. पाय काढल्यावर सिलिंडरात जी ओढ तयार होते, तिने ऑइल वर येऊन धातूची बुकी धुतली जाते. असं आठ-दहा वेळा. चौथ्यात कमी वेगाने गुरगुरत चढवणं मात्र टाळायचं, त्याचा मार बेअरिंगवर बसतो.

परतल्यावर गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला. साधं मिनरल २०डब्ल्यू-४०. सिंथेटिक ऑइलचं रिंगा बसल्यावर बघू. निचऱ्यात चांदीसारखी बारीक चमक चालते. तांब्याच्या रंगाचे पापुद्रे दिसले तर बेअरिंग चाललंय, गाडी थांबवा. पुढचा बदल ५०० किलोमीटरला, थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून.

पावसात जवळच्याच फेऱ्या झाल्या तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय येते. कूलंटची पातळी जागेवर असेल तर ती इंजिनात साठलेली वाफ. अर्धा तास सलग चालवली की जाते. पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट बघायचं.

डिपस्टिकवरची ऑइलची उतरण थांबली आणि तिन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (दाबात) दहा टक्क्यांच्या आत फरक आला, की भरल्या गाडीने आंबा घाट चढायला हरकत नाही.