इसबगोल आणि एक घोट पाणी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडतीवर मी ३१ वर्षं दिवाणजी होतो. फेब्रुवारी-मार्चात राजापुरी हळदीचे सौदे जोरात असले, की सकाळी गादीवर बसायचं ते पट्ट्या, तोलाई, हमाली मांडत दिवेलागणीपर्यंत. चहा सात-आठ कप. पाणी मात्र नको, कारण मग उठावं लागतं. व्हायचं तेच झालं. पोट दगड.

कुणीतरी इसबगोल सांगितलं. रात्री चमचाभर भुसा तोंडात टाकला, वर एक घोट पाणी. तो घशातच फुगला. ना खाली, ना वर. बायकोनं पाठीत चार बुक्के घातले तेव्हा सुटलो. तरी खोड जाईना. पुढचे चार दिवस दोन घोटांवर भागवलं, तर पोट आणखीच घट्ट.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी तपासून घेतलं. शौचातून रक्त पडत असेल किंवा पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर भुशावर दिवस काढायचे नाहीत, म्हणाले. मग अर्धा पेला पाणी मागवून त्यात चमचाभर इसबगोल टाकलं. पाच-दहा मिनिटांत त्याची पतंग चिकटवायच्या खळीसारखी बुळबुळीत खळ झाली. "हे पाणी तुम्ही दिलं नाही, तर ते पोटातलं ओढणार." एवढ्यात कळलं.

ही खळ आतड्यात फारशी पचत नाही, म्हणूनच कामाची. कडक मळ मऊ होतो, आणि जुलाबात हीच खळ जादा पाणी धरून ठेवते. माझी आई जुलाबाला दह्यातून इसबगोल द्यायची. बद्धकोष्ठाचं औषध जुलाबाला कसं, हे कोडं तेव्हा उलगडलं. ही खळ पित्ताम्लं, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती पित्तातली आम्लं, सोबत घेऊन जाते म्हणून वाईट कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं, जेवणानंतरची साखर सावकाश चढते. पण त्यासाठी रोज, महिनोन् महिने घ्यावं लागतं. आणि चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. उलट गोळी आणि इसबगोल यांत दोन तास अंतर हवं, नाहीतर गोळी खळीत अडकते. बायकोची थायरॉईडची गोळी पहाटे असते, म्हणून आमच्याकडे इसबगोल रात्रीच.

दिवाणजीची खोड, मालाची चौकशी केलीच. हळदीला जशी सांगली, तसं इसबगोलला गुजरातेत उंझा. बियांच्या वजनात भुसा जेमतेम पाव हिस्सा निघतो. काढणीच्या वेळी पाऊस आला, की बी झडून शेतातच पडतं. हळद वाळत घातलेल्या माणसाला ही धास्ती सांगायला नको!

आता रात्री मोठा पेलाभर पाण्यात एक चमचा, ढवळून लगेच पितो, वर आणखी अर्धा पेला. पहिल्याच सकाळी फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिसला. पाण्याचे पेले मी जुन्या रोजमेळात उभ्या रेघांनी मांडतो. काल बायकोनं वही तपासली आणि दोन रेघा खोट्या काढल्या.