अर्ध्या पानाचा नावाडी

अहवाल शुक्रवारीच लिहून झाला होता. ‘पुस्तक जरूर घ्यावं’ असं शेवटी लिहून मी सहीसुद्धा केली होती.

एका शिक्षणसंस्थेला आपल्या बारा शाळांच्या उन्हाळी शिबिरांसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं एखादं छापील साहस हवं होतं. भुसावळला मी मुलांचं वाचनालय चालवते आणि दर रविवारी तिथे हा खेळ घेते, म्हणून पुस्तक पारखायला माझ्याकडे आलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. साहसाचं पुस्तक फक्त डीएमसाठी असतं. जागा, नकाशे, राक्षस, गावातली माणसं, गुपितं, सगळं त्यात असतं.

हे पुस्तक मी दोन रात्रीत वाचून काढलं होतं. चित्रं इतकी सुंदर की पान उलटवत नव्हतं. नदीकाठचं गाव, पलीकडे बुडालेलं देऊळ, देवळात शापित राजा. मुलांना वाचून दाखवायचे चौकटीतले उतारे तर कवितेसारखे होते. एकच पान मला भरतीचं वाटलं होतं. पान १४ वर अर्ध्या पानात गावातल्या सात माणसांचा साधा तक्ता होता: कोणाला काय हवंय, कोण कशाला भितो, कोण कोणाशी खोटं बोलतो. चित्र नाही, वर्णन नाही. ‘हे गाळलं असतं तरी चाललं असतं,’ असं मी अहवालात लिहिलं होतं.

पाठवण्याआधी एकदा खेळवून बघू, एवढ्यासाठी रविवारी चार मुलांना बोलावलं. मे महिना, बाहेर रस्ता ओस पडलेला. कूलर लावला, चुरमुऱ्यांच्या भत्त्याचं मोठं पातेलं मधे ठेवलं आणि सुरुवात केली. चोपड्याहून मामाकडे सुटीला आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच खेळत होता. त्याने जादूगार घेतला आणि गावाकडच्या नदीवरून त्याचं नाव ठेवलं अनेर. पाऊण तास खपून त्याने कॅरेक्टर शीट भरली, मागे टोपीचं चित्रही काढलं.

पहिल्याच रस्त्यावर चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, झुडपांतून बाहेर येतात. पुस्तक याला ‘हलकी चकमक’ म्हणतं. मुलाची पाळी येण्याआधीच अनेरला दोन बाण लागले आणि त्याचे आठच्या आठ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, संपले. जगण्या-मरण्याच्या फाशावर पहिल्यांदा एक पडला, म्हणजे एकदम दोन अपयशं. पुढच्या पाळीला सात, म्हणजे तिसरं आणि शेवटचं अपयश. अनेर गेला. खेळ सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. मुलगा रडला नाही. त्याने शीटची घडी घातली आणि खिशात ठेवली. ती घडी बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

बाकीचे तिघे जेमतेम वाचून गावात पोचले. मी चौकटीतला उतारा मराठी करून वाचायला लागले. चौथ्या वाक्याला दोघांचे हात भत्त्यात होते. अकराव्या वाक्यात दाराशी उभा असलेला पहारेकरी येतो, तो कोणी ऐकलाच नाही. डोळ्यांनी वाचायला जे गोड लागतं ते कानाला जड होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

मग मी पान १४ उघडलं. सातांपैकी तिसरा होता नावाडी. त्याच्यापुढे एवढंच लिहिलेलं: मुलगी रात्री नदी ओलांडून गेली ती परतली नाही, तेव्हापासून हा अंधारात नाव घालत नाही. मी त्या मुलाला बाजूला नेलं, ही ओळ सांगितली आणि म्हटलं, आता तू नावाडी.

तो टेबलाशी परत आला तो वाकून चालत. दहावीतल्या मुलीने विचारलं, “काका, पलीकडे सोडता का?”

“रातले नाव नही. सकायले या.”

“दुप्पट पैसे देतो.”

“मनी पोर गयी, तवपाईन नही.”

टेबल गप्प झालं. पुढचे दोन तास पुस्तकातली चित्रं कोणी मागितली नाहीत. मुलांनी नावाड्याशी घासाघीस केली, त्याची समजूत काढली, पोरगी शोधून आणायचं वचन दिलं. त्या तक्त्यातला सावकार नावाड्याशी खोटं बोलतो, तेही त्यांनी पकडलं. मी जवळजवळ काहीच करत नव्हते. ते अर्धं पान सगळं ओढत होतं.

देवळात गाडी पुन्हा रुतली. वेदीमागे गुप्त दार, पुढची सगळी गोष्ट त्या दारापलीकडे, आणि दार सापडायला फासा अधिक कौशल्य मिळून अठरा हवेत. चौघांनीही, नावाडी धरून, एकेकदा टाकला. नाही. पुस्तक पुढे काहीच सांगत नाही. तेव्हा ती दहावीतली मुलगी म्हणाली, “ताई, नावाड्याची पोरगी मग आत गेली कुठून?” आणि मी दिलेल्या नकाशावर तिने बोट ठेवलं. देवळाखालून निघून नदीला मिळणारी एक बारीक निळी रेघ होती. मजकुरात तिचा उल्लेखही नाही, चित्रकाराने काढली होती इतकंच. मी म्हटलं, चला, पाण्यातून.

रात्री बसून मी आधीच करायला हवा होता तो हिशोब केला. चकमक किती अवघड ते शत्रूंच्या गुणांवरून ठरतं; खेळाच्या २०१४च्या नियमांत एक गॉब्लिन ५० गुणांचा. चार म्हणजे २००, आणि एका वेळी तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या पातळीच्या चार पात्रांसाठी ४०० ही ‘प्राणघातक’ चकमकीची रेषा आहे. दोनच गॉब्लिन ठेवले तर दीडपट धरून १५०, तेव्हा कुठे ती हलकी होते. दाराचा हिशोबही तसाच. चौघांना अठरासाठी फाशावर १४, १६, १७ आणि १८ हवे होते. चौघांनीही चुकण्याची शक्यता ३३ टक्के. बारा शाळांत खेळवलं तर चार शाळांची मुलं त्या भिंतीपाशी अडकणार, आणि समोर पहिल्यांदाच डीएम झालेले शिक्षक.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला. त्यानंतरची सुरुवातीची कित्येक छापील साहसं मुळात संमेलनांतल्या स्पर्धांसाठी लिहिलेली होती. तिथे सगळे गट तेच साहस खेळायचे आणि गुण मोजले जायचे. एखादा गट दारापाशी अडकला तर तोही निकालच होता. सुट्टीतल्या मुलांना निकाल नको असतो, त्यांना पलीकडे जायचं असतं. म्हणून माझं आता ठाम मत आहे की पुढची वाट एका फाशावर टांगणारं पुस्तक, कितीही देखणं असो, शिक्षकाच्या हातात तसंच देऊ नये.

शुक्रवारचा अहवाल फाडला. नव्यात लिहिलं: बारा नकोत, दोन प्रती घ्या, आणि प्रत्येक प्रतीत मी सोबत दिलेलं मराठी पान चिकटवा. त्यात गॉब्लिन दोन, पाण्याची वाट उघडी, चौकटीतले उतारे दोन-तीन वाक्यांचे. पान १४ला हात लावू नये. संस्थेतून फोन आला, “पण ताई, चित्रं इतकी छान आहेत!” आहेतच, मी म्हटलं, आणि निळ्या रेघेबद्दल सांगितलं. त्यांनी दोन प्रती घेतल्या.

पुढच्या रविवारी तो मुलगा सगळ्यांच्या आधी आला. वाटलं, नवा जादूगार करेल. त्याने कोरी शीट मागितली आणि वर लिहिलं, नावाडी. शस्त्राच्या रकान्यात ‘वल्हं’ लिहून विचारलं, “ताई, याला फासा कोणता?”

काठीचा धरू, मी म्हटलं. एका हाताने मारलंस तर सहा बाजूंचा, दोन्ही हातांनी तर आठ.

त्याने आठ लिहिलं.