पिवळी बदकं आणि कझानची लेन्स

लष्कर भागात मावशीच्या दारी पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन कुठेच नव्हतं. जानेवारीतलं ग्वाल्हेर. धुक्यामुळे गाडी रात्रभर रखडत आली होती, स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यानं दिवे लावूनच रिक्षा चालवली आणि ज्या किल्ल्यासाठी मी एवढी धडपडत आले होते, तो सबंध किल्ला धुक्यात गडप होता. मावशी म्हणाली, "आधी हात शेकून घे, मग चहा." अंगणात शेगडी पेटलेली होती. काका कानटोपी घालून तिच्याजवळ बसले होते.

मी पिशवीतून लोकरीचा मोजा काढला आणि मोज्यातून लेन्स. काकांनी ती हातात घेतली, पुढच्या कड्यावरची रशियन अक्षरं अंगठ्यानं पुसली आणि वाचली. "युपितेर. एकशे पस्तीस." थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे झेनिट कॅमेरा होता. त्यावर अठ्ठावन्नची हेलिऑस लेन्स. एकशे पस्तीस घ्यायची फार इच्छा होती गं, राहूनच गेली."

ही लेन्स मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घेतली, अडीच हजारांना. नाव ज्युपिटर-37ए. 135 मिलिमीटर, पूर्ण उघडली की एफ/3.5. हे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचं माप, आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक. बनावट रशियातल्या कझान शहराच्या ऑप्टिकल कारखान्यातली. अंगावरचा क्रमांक 83 नं सुरू होतो. त्या काळच्या सोव्हिएत लेन्सवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असत, म्हणजे ही 1983 ची. तेव्हा भारत आणि सोव्हिएत संघाचा व्यापार रुपयांत चालायचा, डॉलर लागत नसत. म्हणून तर काकांसारख्या पगारदार माणसाच्या गळ्यात झेनिट लटकू शकला.

ग्वाल्हेरला येऊन घराण्याचा विषय टाळता येत नाही, तेव्हा लेन्सचंही घराणं सांगते. ज्युपिटर मालिकेचं मूळ झाइस या जर्मन कंपनीच्या 'सोनार' लेन्समध्ये आहे. ती लुडविग बेर्टेले या जर्मन रचनाकारानं आखली. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रं, सुटे भाग आणि आराखडे सोव्हिएत संघात गेले आणि तिथल्या कारखान्यांनी ती चीज आपल्या गळ्यातून गायली. माझ्या लेन्समध्ये चारच भिंगं आहेत, तीन गटांत बसवलेली. म्हणजे हवा आणि काच जिथे भेटतात असे पृष्ठभाग फक्त सहा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परत फेकतो. तेव्हा जितके पृष्ठभाग कमी, तितकं चित्र स्वच्छ. लेपांचं तंत्र बाल्यावस्थेत होतं त्या काळात या रचनेला एवढा मान का मिळाला, ते यावरून कळतं.

माझा कॅमेरा सोनीचा फुलफ्रेम मिररलेस, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला आणि आत आरसा नसलेला. जुन्या लेन्ससाठी मिररलेसइतकी सोय दुसऱ्या कशात नाही, आणि त्याचं कारण निव्वळ अंतराचं आहे. 42 मिलिमीटरच्या आट्यांच्या या लेन्सला आपल्या बैठकीपासून फिल्मपर्यंत 45.46 मिलिमीटर लागतात. सोनीच्या कॅमेऱ्यात ते अंतर 18 मिलिमीटर आहे. मधले साडेसत्तावीस मिलिमीटर भरायला एक पोकळ धातूची नळी पुरते, तिच्यात काच नाही की तार नाही. मी आधी घेतलेली स्वस्तातली नळी केसभर जाड निघाली होती. तिच्यावर दूरचं काही फोकसलाच येईना, डोंगर कायम धूसर. दूरवर पाहायला घेतलेल्या लेन्सनं दूरचंच दाखवू नये, याचा मला फार त्रास झाला. दुसरी नळी नीट बसली. तिच्या आतल्या चकचकीत भिंतीला मी काळा मखमली कागद चिकटवला, कारण डिजिटल सेन्सर फिल्मपेक्षा जास्त चकाकतो आणि त्याच्यावरून परतलेला उजेड नळीत फिरत राहिला की सगळं चित्र दुधाळ होतं.

कॅमेऱ्याला मात्र लेन्स लावली आहे हेच कळत नाही. 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करावा लागतो आणि हात हलण्याच्या भरपाईसाठी 135 हा आकडा हातानं भरावा लागतो. तो भरायचा राहिला की कॅमेरा आधीच्या लेन्सच्या हिशेबानं सेन्सर हलवतो आणि स्थिर हातातलेही फोटो हलतात. कोणत्या छिद्रावर फोटो घेतला तेही फाइलमध्ये नोंदलं जात नाही. त्यासाठी मी खिशात वही ठेवते.

त्या दिवशी धुकं उठलंच नाही. दुपारी काकांनी लेन्सच्या दोन कड्या मला परत शिकवल्या. एका कडीवर हवं ते छिद्र आधी ठरवून ठेवायचं, समजा एफ/5.6. दुसरी कडी मग पूर्ण उघड्यापासून 5.6 पर्यंतच फिरते आणि तिथे अडते. हे मला माहीत होतं, पण माझा सराव चुकीचा होता. मी छिद्र बारीक ठेवूनच फोकस करायचे, कारण आताचा व्ह्यूफाइंडर छिद्र बारीक असलं तरी चित्र उजळ करून दाखवतो. काका म्हणाले, "उजेडाचा प्रश्नच नाही. उघड्यावर एकच रेघ नीट दिसते, म्हणून ती सापडते. बारीक केलंस की सगळंच बरं दिसतं, मग नेमकं काय ते कसं कळणार? आधी उघड, मग बघ, मग बंद कर." त्यांनी डोळे मिटून करून दाखवलं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं कडी उघडली, मागची फोकसची जाड कडी फिरवली, पुढची परत अडेपर्यंत बंद केली. हेलिऑसवरही अशाच दोन कड्या होत्या. इतक्या वर्षांनी बोटं विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले, पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्यातून. हा रस्ता पायीच चढायचा. पहिल्याच फोटोला फोकसची कडी फिरेना. थंडीत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. जोर लावायची भीती वाटली, म्हणून लेन्स शालीच्या आत पोटाशी धरून वर चढले. चतुर्भुज मंदिरापर्यंत ती हलायला लागली.

देऊळ एवढंसं आहे, एकाच खडकातून कोरलेलं, आणि आतल्या शिलालेखात इसवी सन 876 चा शून्य आहे. बागेसाठी दिलेली जमीन 270 हात लांब, आणि देवाला रोज 50 माळा. दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज काढतो तसंच, गोल, आकारानं जरा लहान. आत अंधार होता. ही लेन्स सव्वा मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही, म्हणून मागे सरून, भिंतीला टेकून, श्वास धरून 50 चा फोटो घेतला. पाचातला एक नीट आला. वहीत लिहिलं: 3.5, शून्य.

दहाच्या पुढे धुकं विरायला लागलं आणि वळणावर मानमंदिराची भिंत दिसली. राजा मानसिंह तोमर 1486 ते 1516 या काळात गादीवर होता, हा महाल त्यानं बांधला. पूर्वेची बाजू तीनशे फूट लांब, सहा गोल बुरूज. वर चढताना मान मोडेपर्यंत पाहिलं तरी साध्या डोळ्यांना निळ्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. लहानपणी मावशीनं बोट दाखवून सांगितलं होतं, "ती बघ बदकं," आणि मी "हो हो" म्हटलं होतं. तेव्हा मला काही दिसलं नव्हतं.

काकांच्या पद्धतीनं उघडली, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं केलं, कडी हळूहळू फिरवली. धूसर निळ्यातून आधी एक कड आली, मग चोच. पिवळी बदकं, एकामागे एक, गडद निळ्या फरश्यांवर. एकाची मान तुटलेली, कारण ती फरशीच निखळली आहे आणि तिथे उघडा दगड दिसतो. शेजारच्या बदकाच्या पंखावर झिलईला गेलेल्या बारीक तड्यांची जाळी आहे. पिवळा रंग सगळीकडे सारखा नाही. पोटाकडे घट्ट, शेपटीकडे पातळ, जणू कुंचला तिथे उचलला. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी शेपटीपाशी हात हलका केला होता, आणि खालच्या रस्त्यावर उभं राहून मला तो हात दिसत होता. मी बंद करायचं विसरले, तो फोटो 3.5 वरच निघाला. 5.6 वर घेतलेला पुढचा जास्त रेखीव आहे, कडेची जांभळट किनारही त्यात गेली आहे. तरी मला पहिलाच आवडतो.

ऊन पाठीशी होतं म्हणून हे जमलं. या लेन्सवर लेप आहे, पण एकपदरी. सूर्य समोरून आला की निळा रंग राखाडी होतो, रबरी हूड लावूनही. महालाच्या पलीकडे जाऊन उजेडाकडे तोंड करून घेतलेले वीसेक फोटो पुसून टाकले. मग मी दिवसाचा बेतच बदलला. जिथे ऊन मागून मिळेल तिथे जायचं, जिथे नाही तिथे नुसतं बसून पाहायचं. सासबहू मंदिर त्यामुळे नुसतंच पाहिलं. तिथल्या कडुनिंबावर पोपट होते, तेवढे घेतले. मागच्या पानांतून झिरपणारा उजेड गोल गोल थेंबांसारखा आला आहे. छिद्राला बारा पाती आहेत, म्हणून बारीक केलं तरी ते गोलच राहतं. आजच्या कितीतरी महागड्या लेन्समध्ये पाती सात किंवा नऊ असतात.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "मी येतो." मावशीनं गजकाची पुडी दिली, काकांना मफलर गुंडाळला आणि आम्ही ऑटोनं पश्चिमेच्या उरवाही दरवाज्याकडे गेलो. तिथे दरीच्या कड्यात जैन तीर्थंकर कोरले आहेत. पंधराव्या शतकातलं, तोमरांच्याच काळातलं काम. सर्वांत उंच आदिनाथ सत्तावन्न फुटी. बाबर 1528 मध्ये इथे आला होता. या मूर्ती फोडायचा हुकूम दिल्याचं त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. चेहरे गेले. काहींवर पुढे जैनांनी चुन्यात नवे चेहरे केले. सकाळी दरीत सावली असते, आणि या लेन्सला अशी सावली फार मानवते. दगडाचा तांबूस रंग भडक होत नाही. लांबून पाहिलं तर मूर्ती नुसती प्रचंड वाटते. 135 मधून फक्त चेहरा घेतला की हनुवटीखाली जुना दगड संपून नवा चुना कुठे सुरू होतो ती रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेचा एक फोटो मी घेतला आणि कॅमेरा काकांच्या हातात दिला.

ते तासभर काही बोलले नाहीत. मी गजक खात कठड्यावर बसले होते. मधूनच शटरचा आवाज यायचा, तोही फार वेळानं. छत्तीस फोटोंच्या रोलवर शिकलेला माणूस असाच फोटो घेतो.

दुपारनंतर वर गेलो, दक्षिणेकडच्या तटावर. खाली सगळं लष्कर पसरलेलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच शहर झालं, म्हणून तर नाव लष्कर. हवेत धूर होता, ऊन उजवीकडून तिरपं येत होतं. काकांनी आधी जयविलास महालाचा पांढरा विस्तार शोधला, मग तिथून गल्ल्या मोजत मोजत सरकले. घर काही सापडेना. शेवटी मी मावशीला फोन लावला आणि गच्चीवर पांढरी चादर घेऊन जायला सांगितलं.

"कुठली चादर? धुतलेली?"

"कुठलीही. दोन्ही हातांनी धर."

काकांनी पुढची कडी उघडली. मी व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून दिलं. त्यांनी मागची कडी अनंताच्या खुणेपासून किंचित मागे घेतली, परत पुढे नेली, परत मागे. निळ्या पाण्याच्या टाकीशेजारी एक पांढरा कण होता आणि तो हलत होता. नंतर फोटो संगणकावर उघडून पाहिला, तर सहा हजार ठिपक्यांच्या रुंदीत ती चादर वीसेक ठिपके आहे.

फोनमधून मावशी ओरडत होती, "दिसतेय का मी?"

"दिसतेस," काका म्हणाले. "हलू नकोस." आणि पुढची कडी अडेपर्यंत बंद केली.